माशाच्या पोटातले गावठाण
तळ्यातला मासा आजारी का पडतो, हे कळायचे तर त्याच्या अंगावरची आणि पोटातली बिऱ्हाडे मोजायला हवीत

अंकुशनगर, महाकाळा, शहागड हा पट्टा म्हटला की डोळ्यांसमोर ऊस येतो. समर्थ साखर कारखान्याची चिमणी, बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी. पण पाणी आले की ऊस एकटा येत नाही. पाण्यामागे मासा येतो आणि माशामागे त्याच्या अंगावर व पोटात राहणारे हजारो जीवही येतात. ऊस पाहायला सगळेच येतात, या दुसऱ्या पिकाकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. जाळे ओढल्यावर एखाद्या माशाच्या कल्ल्यात पांढरा दोरा दिसतो, चिरताना आतड्यातून फितीसारखे काही तरी निघते, आणि मग गावभर होते, "तळ्यातले मासे किडले, घेऊ नका." ठेका घेतलेल्या संस्थेचा माल बांधावरच पडून राहतो. दुसऱ्या बाजूला खरोखर रोग असला, तर तो कळेपर्यंत अर्धे तळे रिकामे झालेले असते.

अंबड तालुक्याला तर माशाचे वावडे असायचे कारण नाही. तालुक्याची देवीच मत्स्योदरी. देवीची टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून हे नाव पडले असे जुनी माणसे सांगतात. मत्स्योदरी म्हणजे माशाचे उदर. आज आपण त्याच उदरात डोकावणार आहोत. तिथे काय राहते, कोणाशेजारी राहते, कुठून येते, आणि मत्स्यशेती करणाऱ्या शेतकऱ्याने, मच्छीमार संस्थेने व ग्रामपंचायतीने त्यातून काय घ्यावे, हे पाहू.

पाणी थांबले आणि चित्र बदलले

गोदावरी पूर्वी वाहती नदी होती. पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात डोह. १९६५ साली पैठणला धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली जायकवाडी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. नाथसागराचे पाणी २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने जालना, परभणीकडे वळले. पुढे नदीच्या पात्रातही जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे उभे राहिले. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे शिवाराशिवारात शेततळी झाली. म्हणजे ज्या भागात पाणी वाहत होते तिथे ते थांबले, आणि जिथे नव्हते तिथे साठले.

थांबलेल्या पाण्यात शेवाळ वाढते, पाणवनस्पती वाढतात, गाळ बसतो. गाळात बारीक लाल किडे होतात, वनस्पतींवर गोगलगायी चिकटतात, पाण्यात सायक्लोप्ससारखे डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव वाढतात. त्यांच्या मागे मासे, माशांच्या मागे बगळे, पाणकावळे, खंड्या. नाथसागरावर तर पक्षी इतके उतरतात की १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. हे सगळे जीव माशाच्या परजीवींच्या दृष्टीने एकेक मुक्काम आहेत. मुक्काम वाढले की प्रवासी वाढणारच.

नारू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच समजेल

जुन्या जाणत्या मंडळींना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा, त्यातून हातभर लांब दोरा निघायचा, लोक तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे. हा नारू बारवेच्या पाण्यातल्या सायक्लोप्समधून पोटात जात असे. माणसाने पाणी गाळून प्यायला सुरुवात केली, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, आणि नारूची साखळी तुटली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. एकही लस न टोचता हे झाले. फक्त मधला मुक्काम ओळखला गेला.

माशाच्या पोटातल्या बहुतेक कृमींचे गणित असेच आहे. मरळ, वाम अशा माशांत आढळणाऱ्या अनेक फीतकृमींचे अंडे पाण्यात पडते, त्यातून निघालेले पिलू सायक्लोप्स खातो, सायक्लोप्स माशाच्या पोटात जातो. देशी मागूर माशातल्या बिनपेऱ्याच्या फीतकृमीची वाट वेगळी. तो गाळातल्या गांडूळवर्गी किड्यातून येतो, कारण मागूर गाळ उकरून खातो. मांसात पिवळट दाण्यासारखी दिसणारी अळी किंवा कातडीवरचे काळे ठिपके हे पर्णकृमीचे काम. त्याचा पहिला मुक्काम गोगलगाय, दुसरा मासा आणि शेवटचा मासे खाणारा पक्षी. मेंढ्या-म्हशींच्या यकृतातला पर्णकृमीही गोगलगायीतूनच येतो, हे पशुपालकांना ठाऊक आहे. त्याचाच हा चुलतभाऊ समजा.

म्हणून पहिले सूत्र असे की, मासा काय खातो आणि कुठे फिरतो यावर त्याच्या पोटात कोण राहणार हे ठरते. एकाच तळ्यात मरळ आणि मागूर शेजारी राहतात, पण त्यांच्या आतड्यांतले भाडेकरू वेगळे असतात, कारण दोघांचे ताट वेगळे.

सगळेच परजीवी मात्र मुक्काम करीत येत नाहीत. काही थेट माशावरून माशावर जातात. माशाची ऊ म्हणजे आर्गुलस, कातडीत नांगरासारखी रुतणारी लर्निया, कल्ल्यांवरचे बारीक एकपोषी कृमी, पांढरे ठिपके पाडणारे एकपेशीय जीव. यांना गोगलगाय लागत नाही की बगळा लागत नाही. फक्त मासे दाटीवाटीने असले म्हणजे पुरे. त्यातला कातडीवरचा गायरोडॅक्टिलस तर अंडी घालायच्याही भानगडीत पडत नाही. पोटात पिलू, त्या पिलाच्या पोटात आणखी पिलू, अशी त्याची वाढ. शेततळ्यात गाठ पडते ती मुख्यतः या थेट जाणाऱ्यांशी. नदी-धरणात मुक्काम करणारे अधिक भेटतात.

घर, आळी आणि गाव

परजीवींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एकेका किड्याकडे सुटे पाहत नाहीत, त्यांच्या वस्तीकडे पाहतात. आपल्या भाषेत सांगायचे तर घर, आळी आणि गाव अशा तीन पातळ्या आहेत. एका माशात जेवढे परजीवी राहतात ते एक घर. त्या तळ्यातल्या सगळ्या मरळींमधले परजीवी मिळून मरळीची आळी. आणि तळ्यातले सगळे मासे, गोगलगायी, सायक्लोप्स, पक्षी यांच्यातले सगळे परजीवी मिळून गाव. एका घरात डोकावून गावाबद्दल बोलू नये, हा साधा नियम. पण बाजारात होते नेमके उलटे. एक मासा चिरला, त्यात कृमी निघाला, की तळेच बदनाम.

घराच्या आतसुद्धा खोल्या ठरलेल्या असतात. कातडीवर एक, कल्ल्यांवर दुसरा, डोळ्याच्या भिंगात तिसरा. आतड्यात तर पुढचा भाग, मधला भाग, मागचा भाग अशा जागा वाटलेल्या असतात. जे. सी. होम्स यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेला उंदरांवरचा प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. उंदराच्या आतड्यात फीतकृमी एकटा असला की तो पुढच्या, जास्त अन्न मिळणाऱ्या भागात राहतो. त्याच आतड्यात काटेरी तोंडाचा कृमी आला, की फीतकृमी मागे सरकतो. भावकीत बांधावरून होते, त्यातलाच प्रकार.

माशांत मात्र अशी भांडणे फार दिसत नाहीत. केनेडी, बुश आणि आहो या तिघांनी १९८६ साली प्रश्न विचारला, की पाणपक्ष्यांच्या पोटात कृमींची एवढी गर्दी आणि माशाच्या पोटात एवढी शांतता का? त्यांच्या मांडणीनुसार पक्ष्याचे शरीर उष्ण, त्याला सतत खावे लागते, त्याचे आतडे गुंतागुंतीचे आणि तो दूरवर उडून नाना ठिकाणचे खातो. मासा थंड रक्ताचा, खाणे कमी, आतडे साधे, आणि तो आपले पाणी सोडून जात नाही. म्हणून गोड्या पाण्यातल्या माशांच्या पोटात बहुधा थोड्याच जाती मिळतात आणि पुष्कळ जागा रिकाम्याच राहतात. कोणता कृमी आहे हे त्यांच्या आपसातल्या भांडणापेक्षा त्या पाण्यात काय पोहोचले यावर जास्त ठरते.

यातून शेतकऱ्याने काय घ्यावे? घर रिकामे आहे, म्हणजे नवा भाडेकरू यायला जागा आहे. बाहेरून आणलेल्या बोटुकलीबरोबर जे येईल, त्याला अडवायला आत कोणी बसलेले नाही.

थोड्यांवर फार, फारांवर थोडे

आता या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट. तळ्यातल्या माशांत परजीवी सारखे वाटलेले नसतात. बहुतेक माशांत एकही नसतो किंवा एखाददुसरा असतो, आणि मोजक्या माशांत खच्चून भरलेले असतात. इंग्लंडमध्ये क्रॉफ्टन यांनी १९७१ साली गोड्या पाण्यातल्या कोळंबीवर्गी जीवांमधल्या काटेरी तोंडाच्या कृमींची मोजदाद तपासून हा नियम गणिताने मांडला. त्यानंतर मासे, मेंढ्या, पक्षी, माणूस, जिथे पाहिले तिथे थोड्याफार फरकाने हेच दिसले. मेंढपाळ हे पुस्तकाशिवाय जाणतात. सगळा कळप कधी रोडावत नाही, ठरावीक चार मेंढ्याच मागे पडतात.

एक उदाहरण घेऊ. हे समजण्यासाठी रचलेले आहे, कोणत्या तळ्याचे नव्हे. समजा तुम्ही २० मासे तपासले. १२ माशांत काहीच नाही. ३ माशांत एकेक कृमी, २ माशांत दोन-दोन, आणखी २ माशांत सहा-सहा, आणि एका माशात ४१. एकूण कृमी झाले ६०. आता तीन आकडे काढा. पहिला, प्रादुर्भाव: २० पैकी ८ मासे बाधित, म्हणजे ४० टक्के. दुसरा, बाधित माशांमागे सरासरी: ६० भागिले ८, म्हणजे साडेसात. तिसरा, सगळ्या माशांमागे सरासरी: ६० भागिले २०, म्हणजे ३. माशावर एकूण ओझे किती, हे या तिसऱ्या आकड्यावरून कळते.

तिन्ही आकडे खरे, पण प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो. कोणी "४० टक्के मासे रोगी" अशी आरोळी ठोकेल, कोणी "माशाला तीनच कृमी, काही नाही" म्हणून झोपी जाईल. खरी गोष्ट ही, की ६० पैकी ४१ कृमी एकाच माशात आहेत. म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त भार एकट्याने वाहिलेला. नमुना म्हणून तुम्ही दोनच मासे काढले असते, तर बहुतेक वेळा तुम्हाला तो ४१वाला भेटलाच नसता. आणि भेटला असता, तर तुम्ही घाबरून तळ्यात औषध ओतले असते.

असे का होते? एका बाधित गोगलगायीतून हजारो पिले एकाच कोपऱ्यात सुटतात, त्या कोपऱ्यात चरणाऱ्या माशांवर ती तुटून पडतात. मोठा मासा जास्त वर्षे खातो, म्हणून त्याच्यात जास्त साठतात. अशक्त मासा प्रतिकार कमी करतो. आर्गुलस काठाला गवतात थबकलेल्या सुस्त माशालाच आधी चिकटतो. आणि भरलेला मासा पाण्याच्या वर वर, काठाकाठाने फिरतो, बगळ्याच्या चोचीत आधी तोच जातो. पर्णकृमीला तरी दुसरे काय हवे असते?

म्हणून जाळे ओढताना काठाला सुस्त पडलेले, अंग घासणारे, डोके मोठे व शरीर बारीक झालेले मासे आधी वेचून काढा. संख्येने ते थोडेच निघतील, पण तळ्यातला निम्म्याहून जास्त भार त्यांच्यासोबत बाहेर जाऊ शकतो. फुकटातला इलाज हाच.

मराठवाड्याच्या प्रयोगशाळेत

हा विषय परदेशी पुस्तकातला वाटेल, पण आपल्या मातीत त्यावर साठ वर्षांहून अधिक काळ काम झालेले आहे. त्याही आधी, १९२५ साली, मोघे यांनी मागूर माशातल्या बिनपेऱ्याच्या फीतकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तोच कृमी आज लायटोसेस्टस इंडिकस या नावाने ओळखला जातो. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. जी. बी. शिंदे यांनी माशांतल्या फीतकृमींच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. १९६८ साली त्यांनी मरळवर्गी माशातून सर्कमॉन्कोबोथ्रियम ही नवी प्रजाती जगापुढे मांडली. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या पिढ्या गोदावरीकाठच्या बाजारांतून वाम, मरळ, मागूर यांची आतडी गोळा करीत राहिल्या. या भागातल्या अनेक नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फीतकृमींचा प्रादुर्भाव उन्हाळ्यात जास्त आणि पावसाळ्यात कमी. उन्हाळ्यात पाणी आटते, मासे, सायक्लोप्स आणि गाळ एकाच डबक्यात कोंडले जातात. पावसाळ्यात पाणी पसरते, गाठीभेटी कमी होतात.

पण या कामाची एक दुखरी बाजूही सांगायला हवी. देशभरात थोडाफार फरक दिसला की नवी जात, असे नाव देण्याची सवय पडली. २०११ साली मागूर माशातल्या बिनपेऱ्याच्या फीतकृमींची आंतरराष्ट्रीय पथकाने फेरतपासणी केली. नोंदीत ५९ जाती होत्या, त्यातल्या ८ खऱ्या ठरल्या. बाकीची नावे एकाच कृमीची दुसरी-तिसरी नावे निघाली. कृमी बाहेर काढताना ताणला गेला, मेल्यावर आखडला, तेवढ्याने त्याचे मोजमाप बदलते. मतदार यादीत एकाच माणसाचे नाव सहा वेळा असावे, तसे हे झाले.

यात शेतकऱ्याचे काय गेले, असे कोणी म्हणेल. गेले ते असे, की माशात आठ बिऱ्हाडे आहेत की पन्नास, हेच चुकले तर कोणता कृमी कुठून येतो हे सांगता येत नाही, आणि साखळी कुठे तोडायची हेही सांगता येत नाही. नाव बरोबर असले तर उपाय बरोबर. म्हणून आता महाविद्यालयांतून नवी नावे देण्यापेक्षा जुन्या तळ्यांची दरमहा मोजदाद झाली, तर ती जिल्ह्याच्या जास्त उपयोगाची. विज्ञान शाखेच्या मुलांनी गावतळे वाटून घ्यावे, दर महिन्याला ठरलेल्या संख्येने मासे तपासावेत, वर सांगितलेले तीन आकडे लिहावेत. फार खर्च नाही, एक सूक्ष्मदर्शक आणि सबुरी पुरे.

दुष्काळ, बाहेरचे मासे आणि सांडपाणी

परजीवींची वस्ती तीन गोष्टींनी चटकन बदलते.

पहिली, दुष्काळ. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने काय सोसले ते सर्वांना माहीत आहे. अशा वर्षी उरलेल्या डबक्यात मासे दाटतात आणि थेट जाणारे परजीवी, म्हणजे आर्गुलस आणि कल्ल्यांवरचे कृमी, झपाट्याने पसरू शकतात. पक्षीही त्याच डबक्यावर गोळा होतात. तेव्हा पाणी आटत असताना मासा "अजून थोडा वाढू द्या" म्हणून ठेवण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने काढून दाटी कमी करणे शहाणपणाचे.

दुसरी, बाहेरून आलेले मासे. चंदेरा आणि गवत्या हे मासे १९५९ साली भारतात आणले गेले. मासा आणताना त्याच्या पोटात काय आहे हे त्या काळी जगात कोणीच फारसे पाहत नसे. गवत्या माशाबरोबर पूर्व आशियातला एक फीतकृमी अनेक देशांत पोहोचला आणि तिथल्या कार्पवर्गी माशांच्या पिलांना त्याने जेरीस आणले. त्यालाही मधला मुक्काम सायक्लोप्सच लागतो, आणि तो तर सगळीकडे आहे. यावरून धडा घ्यावा. बोटुकली स्वस्त मिळते म्हणून ओळख नसलेल्या गाडीवाल्याकडून घेऊ नये, आणि एका तळ्याचे पाणी डब्यासकट दुसऱ्या तळ्यात ओतू नये.

तिसरी, सांडपाणी. यात एक गंमत आहे. सगळ्यांना वाटते, घाण पाणी म्हणजे कृमी जास्त. ते अर्धेच खरे. पाणी फार बिघडले तर गोगलगायी आणि बारीक जीव आधी मरतात, म्हणून मुक्काम करीत येणारे कृमी कमी होतात. उलट कल्ल्यांवरचे थेट जाणारे परजीवी वाढू शकतात, कारण माशाची ताकद घटलेली असते. फिनलंडमध्ये कागद गिरण्यांचे पाणी येणाऱ्या सरोवरांवर या अंगाने बराच अभ्यास झाला आहे. शिवाय काटेरी तोंडाचे कृमी शिसे, कॅडमियम असे जड धातू आपल्या अंगात माशाच्या मांसापेक्षा शेकडो ते हजारो पट साठवतात, असे युरोपातल्या नद्यांत आढळले आहे. म्हणजे माशाच्या पोटातली वस्ती हा पाण्याचा सातबाराच म्हणायला हवा. पोटात नाना प्रकारचे थोडे थोडे कृमी असलेला मासा पुष्कळदा जिवंत, निरोगी पाण्याचा पुरावा असतो. पोट पूर्ण साफ आणि कल्ले मात्र चिकट, किडलेले, असे दिसले तर पाणी तपासून घ्यावे.

मासा खावा की नाही?

हा प्रश्न बाजारात सगळ्यात आधी विचारला जातो. आतड्यातले जे कृमी आपल्याकडच्या मरळ, वाम, मागूर यांत दिसतात, ते माशाच्या आतड्यात राहणारे आहेत. आतडे आपण खात नाही, आणि मासा नीट शिजवला की उरलेसुरले काहीही जिवंत राहत नाही. मांसात पिवळे दाणे दिसले तर तो तुकडा काढून टाकावा, कारण ते ओंगळ दिसते, आणि कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा कधीही खाऊ नये. आपल्याकडे कालवण रटरटून शिजते, तेव्हा काळजी नसावी. ग्रामसेवक आणि आरोग्यसेवकांनी अफवेच्या वेळी एवढेच ठामपणे सांगितले, तर भोई बांधवांचा आठवड्याचा बाजार वाचेल.

काय करावे, काय करू नये

१. बोटुकली सोडण्याआधी मिठाचे पाणी द्या. एक लिटर पाण्यात २० ते ३० ग्रॅम साधे मीठ, त्यात दोन-तीन मिनिटे. मासा उलटू लागला की त्याच क्षणी बाहेर. आधी पाच-दहा पिलांवर करून पाहा, मग बाकीची.

२. आर्गुलस म्हणजे माशाची ऊ आपली अंडी टणक वस्तूवर घालते. तळ्यात जागोजागी बांबू किंवा फळ्या उभ्या करा. दर आठवड्याला त्या बाहेर काढून कडक उन्हात वाळवा, अंडी खरवडा, मग परत लावा. पैसा लागत नाही, फक्त वार ठरवून ठेवा. वार चुकला की अंडी फुटली.

३. शेतातले कीटकनाशक तळ्यात ओतू नका. ऊ मरेल, पण माशाचे खाद्य असलेले बारीक जीवही मरतील आणि विषाचा अंश माशात राहील. औषध लागलेच तर मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडून नाव आणि मात्रा लिहून घ्या.

४. चिरलेल्या माशांची आतडी, कल्ले तळ्यात किंवा काठावर टाकू नका. त्यातली अंडी पुन्हा पाण्यात जातात. खड्डा करून चुना टाकून पुरा.

५. काठाचे गवत, पाणवनस्पती काढत राहा. गोगलगायींचे घर तेच. अस्तर लावलेल्या शेततळ्यात हा त्रास मुळातच कमी असतो, मात्र तिथे दाटी जास्त होते, म्हणून पिले मोजून सोडा.

६. वर्षातून एकदा तळे आटत असेल तर तळ उन्हात भेगाळेपर्यंत तापू द्या आणि चुना टाका. गाळातली साखळी तुटते.

७. तपासायचे तर दोन-चार नव्हे, किमान वीस-तीस मासे तपासा. किती बाधित, किती कृमी, सगळ्यात जास्त कोणात, हे वहीत लिहा. पुढच्या वर्षी तीच वही तुमचा डॉक्टर.

सरपंच आणि मच्छीमार संस्थांच्या अध्यक्षांना एक विनंती. तळ्याचा ठेका देताना आपण पाण्याचे क्षेत्र, मुदत आणि रक्कम लिहितो. त्यात एक कलम वाढवावे. बीज कुठून आणले याची नोंद, वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडी आणि पावसाळ्यानंतर, वीस माशांची तपासणी, आणि त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या दप्तरात. पाच वर्षांत प्रत्येक तळ्याचा स्वभाव कागदावर येईल. कोणत्या तळ्यात पक्ष्यांमुळे पर्णकृमी जास्त, कोणत्या तळ्यात दाटीमुळे ऊ जास्त, हे कळले की खर्च नेमका करता येतो. आपण जमिनीची माती तपासून खत देतो, मग तळ्याचा मासा तपासल्याशिवाय औषध का द्यावे?